हळू सर

आमच्या संग्रहालयातल्या तलवारींना किंवा तोफगोळ्यांना कधी कोणी घाबरलं नाही. शाळेच्या सहली येतात, पोरं तोफेवर घोड्यासारखी बसतात, शिपाई ओरडतो आणि विसरून जातो. भीती होती ती मागच्या अंगाच्या एका खोलीची. तिथे तमाशाच्या तबकड्या, बँडवाल्यांच्या कॅसेटी, जागरण-गोंधळाच्या आणि कलापथकांच्या टेपा ठेवलेल्या आहेत. त्या खोलीचे प्रमुख दारातच उभे असायचे आणि येणाऱ्याला एकच शब्द ऐकवायचे, "हळू."

दार उघडताना हळू, खुर्चीत बसताना हळू, डबा ठेवताना हळू. सगळे त्यांना हळू सरच म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि त्यांना त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं. एकदा एक गावपुढारी तबकडी बघायला आले आणि त्यांना शिंक आली. सरांनी ती तबकडी छातीशी धरून पाठ फिरवली, जसं एखादी आई वाऱ्यात तान्ह्याला धरते. पुढारी म्हणाले, "अहो सर, सर्दी हाय, पटकी न्हाई." सर म्हणाले, "तुम्हाला औषध मिळेल. हिला नाही."

मोबाईल बाहेर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. घड्याळ काढायचं. चुंबकाचा तर त्यांनी धसकाच घेतला होता. चुंबकाने टेपेवरचा आवाज पुसला जातो हे खरं आहे, पण त्याला किती मोठं चुंबक किती जवळ लागतं, हा हिशेब सरांच्या डोक्यात नव्हता. एका प्राध्यापिकाबाईंच्या पर्सला चुंबकाचं बटण निघालं. सरांनी ती पर्स दोन बोटांत धरून, हात लांब करून, मेलेला उंदीर टाकायला न्यावा तशी व्हरांड्यात नेऊन ठेवली. बाई परत कधी आल्या नाहीत.

मी मूळचा पतसंस्थेतला. हिशेब तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. संस्था बंद पडल्यावर इथे नोंदणीच्या कामाला लागलो. मुलाखत सरांनीच घेतली.

"गाणी आवडतात का?"

"कानावर पडतात तेवढी ऐकतो. खास असं नाही."

"बरं झालं," सर म्हणाले. "आवडणारा माणूस परत परत लावतो. वाजवणं म्हणजे झिजवणं."

हे त्यांचं पालुपद होतं, आणि हे मात्र खरं होतं. सुई फिरली की तबकडीची खाच थोडी झिजते, टेप फिरली की तिच्यावरचा थर थोडा सुटतो. म्हणून प्रत्येक वस्तू एकदाच वाजवायची, ती वाजत असताना संगणकात उतरवून घ्यायची आणि मग कपाटात बंद करायची. ते एकदाचं वाजवणंसुद्धा सर ऐकत नसत. हेडफोनचे कर्णे कानाला लावून ते आवाज दाखवणाऱ्या काट्यांकडे बघत बसायचे. एका लावणीला माझाही पाय हलला, तेव्हा त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. टेबल हादरतं म्हणून.

मला आकडे आवडतात, त्यामुळे आमचं जमलं. खोलीतली उष्णता आणि हवेतला ओलावा मोजून लिहायचं काम माझ्याकडे होतं. पावसाळ्यात ओलाव्याचा आकडा साठाच्या वर गेला की सरांच्या तोंडचं पाणी पळायचं. सुट्टीच्या दिवशी नगरवर आभाळ आलं की माझ्या घरी फोन वाजायचा. आमची मुलगी फोन घेऊन मला हाक मारायची, "बाबा, तुमचे लाइटवाले." कारण सरांचा पहिला प्रश्न ठरलेला होता. "तुमच्याकडं लाइट आहे का?" मी सावेडीला राहतो, संग्रहालय तिकडे दूर. माझ्या घरी लाइट असण्या-नसण्याने तिथल्या ओलावा शोषणाऱ्या यंत्राचं काहीच कळत नाही, हे मी त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "तेही खरं. पण विचारलं की बरं वाटतं."

हळूहळू मलाही ते लागलं. जेवताना मध्येच उठून मी खिडकीतून आभाळ बघायला लागलो. बायको म्हणाली, "तुम्ही आणि तुमच्या सरांनी मिळून एक भीती पाळलीय. तिला खायला मात्र आमच्या घरचं लागतं."

सत्यनारायणाला सर आमच्या घरी आले होते. प्रसाद घेतला आणि मग विचारलं, "कॅसेटी आहेत का घरात?" मी माळ्यावरची पेटी काढून दिली. त्यांनी खिशातून बारीक पेचकस काढला आणि पाहुण्यांच्या देखत एकेका कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही दात पाडायला सुरुवात केली. ज्यांच्या घरी कॅसेटी होत्या त्यांना आठवत असेल, ते दोन चौकोनी तुकडे पाडले की त्या कॅसेटवर नवं काही भरता येत नाही. सर म्हणाले, "दात ठेवून कॅसेट घरात ठेवायची म्हणजे दार सताड उघडं टाकून झोपायचं." बायको आत येऊन मला हळूच म्हणाली, "हे पाहुणे आहेत का घूस?"

पाडलेले दात त्यांनी शर्टाच्या खिशात टाकले. त्यांच्या सगळ्या शर्टांच्या खिशांत ते असायचे. मला वाटायचं हा निव्वळ चक्रमपणा. मग एकदा त्यांनी कारण सांगितलं. तरुणपणी माळीवाड्यात त्यांचं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. लोक जुनी कॅसेट आणून द्यायचे आणि हे तिच्यावर नवी गाणी भरून द्यायचे. एक बाई अशीच कॅसेट देऊन गेल्या आणि आठ दिवसांनी परत आल्या.

"म्हणाल्या, यांचं भजन होतं हो त्यात, मागच्या बाजूला. हे गेल्यावर तेवढंच राहिलं होतं," सर सांगत होते. "मी म्हणालो, बाई, तुम्ही दोन्ही बाजू भरायला सांगितल्या होत्या. त्या म्हणाल्या, हो, सांगितल्या होत्या खऱ्या. आणि गेल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं."

एवढं सांगून ते उठले आणि कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं. ते बंदच होतं.

हौसाबाई आल्या त्या अशा माणसाकडे.

कर्जत तालुक्यातल्या एका गावाहून त्या सुनेबरोबर एसटीने आल्या. वय साठीच्या आतलं, पण चेहरा जास्त रापलेला. जन्मभर खडी क्रशरवर काम केलं होतं. त्या आवाजाने डावा कान कधीच गेला होता आणि आता उजवाही चालला होता. त्यांची आई तमाशाच्या फडात गायची. हौसाबाई पाच-सहा वर्षांच्या असताना ती वारली. तिचा फोटो नाही, तबकडी नाही. पण एका हौशी शिक्षकाने गावोगाव फिरून फडांची गाणी मोठ्या चकत्यांच्या टेपेवर भरून घेतली होती. त्याच्या नातवाने ती सगळी खोकी आम्हाला आणून दिली, आणि त्यातल्या एका खोक्यावर हौसाबाईंच्या आईचं नाव होतं. गावातल्या कोणीतरी ही बातमी त्यांना सांगितली होती.

"मला तिचा आवाज ऐकायचाय," हौसाबाई म्हणाल्या. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशा त्या मोठ्याने बोलायच्या. सरांनी आधी सवयीने ओठांवर बोट ठेवलं, मग त्यांचे कान लक्षात येऊन ते खाली घेतलं.

सरांनी टेप बाहेर काढून बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या काळातल्या काही टेपांना एक रोग असतो. हवेतला ओलावा शोषून शोषून त्या चिकट होतात. यंत्रावर लावल्या की करकरतात, आणि आवाजाचा थर तपकिरी पिठासारखा गळून पडतो. त्यावर उपाय एकच, टेप मंद उष्णतेवर तासन्‌तास भाजायची. मग ती थोड्या काळापुरती कोरडी होते आणि तेवढ्यात वाजवून घ्यायची असते. ही टेप फारच खराब होती. सर म्हणाले, "एकदा वाजेल. दुसऱ्यांदा मिळणार नाही."

"मग एकदाच लावा की," सून म्हणाली.

"आत्ता पावसाळा आहे. हवा कोरडी होऊ द्या. दिवाळीनंतर या."

सुनेने सासूच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, "दिवाळीनंतर म्हंत्यात." हौसाबाईंनी मान हलवली. त्यांना सवय असावी.

पण त्या दिवाळीपर्यंत थांबल्या नाहीत. नगरला कानाच्या डॉक्टरांकडे आल्या की आमच्याकडे यायच्या. बसायच्या, सर कपाट उघडून खोकं दाखवायचे, त्या खोक्याला नमस्कार करून जायच्या. दर खेपेला सुनेला जरा जास्त ओरडावं लागायचं. मी आकड्यांचा माणूस, मला ते दिसत होतं. पहिल्यांदा आल्या तेव्हा टेबलापलीकडून बोललेलं त्यांना कळायचं. पुढे खुर्ची जवळ घ्यावी लागली. मग कानाशी तोंड न्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले होते की नस सुकत चाललीय, किती दिवस राहील सांगता येत नाही. डॉक्टरांनी दिलेलं कानातलं मशीन त्यांनी लावून पाहिलं. त्यात नुसती खडी पडल्याचा आवाज येतो म्हणाल्या.

एके दिवशी सून सरळ सरांना म्हणाली, "सायेब, तुमची टेप वाळंस्तवर आमच्या आत्याबाई पार बहिऱ्या व्हायच्या. मग त्या कोरड्या टेपंचं काय लोनचं घालायचं?"

सरांनी खोकं कपाटात परत ठेवलं. त्या गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुमचा हिशेब काय सांगतो? आधी काय जाईल?"

मी म्हणालो, "टेप कपाटात आहे, सर. ती आणखी वर्षभर तरी आहे तशी राहील. कान राहणार नाही."

"आणि घाईत भाजली आणि थर सुटला तर? पन्नास वर्षं टिकली आणि माझ्या हातून जायची."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सरांना तर लागतच नसे. सकाळी आलो तर ते दारातच उभे होते. म्हणाले, "केडगावच्या त्या कांदेवाल्यांना फोन करा."

केडगावला माझ्या ओळखीचे एकजण कांद्याच्या चकत्या वाळवून विकायचे. त्यांच्याकडे उष्णता एका अंशावर स्थिर ठेवणारं वाळवणी यंत्र होतं. आमच्या संग्रहालयाला असं यंत्र परवडणारं नव्हतं, म्हणून अशा कामासाठी सर त्यांचंच एक छोटं यंत्र आणून वापरायचे. ते धुऊनपुसून आणलं तरी खोलीला कांद्याचा वास यायचा. मालक म्हणायचे, "सर, गाणं भाजून झालं की सांगा, आमचा माल खोळंबलाय."

टेप भाजायला ठेवायच्या आधी सर एक गोष्ट हमखास करायचे. यंत्राने टेप ओढली तर तुटेल म्हणून ते ती हाताने एका चकतीवरून दुसऱ्या चकतीवर उतरवायचे, बोटांनी चाचपत, संथपणे. त्यात टेपेचं शेवटचं टोक वर यायचं, म्हणून पुन्हा एकदा हाताने उलट गुंडाळून सुरुवात वर आणायची. ही त्यांची रीत होती. ही टेप पहिल्या फेरीतच बोटांना चिकटायला लागली. सरांना घाम फुटला. कशीबशी फेरी पुरी करून त्यांनी टेप तशीच वाळवणी यंत्रात ठेवली. नंतर उष्णता पन्नासच्या वर किती जाते यावर आम्ही दोघं डोळे लावून बसलो. मी आकडा वाचायचा, सरांनी बटण फिरवायचं. ती दुसरी फेरी राहिली हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. मला ती मोजायला सांगितलेलीच नव्हती.

टेप निवल्यावर हौसाबाईंना निरोप गेला. त्या नवं लुगडं नेसून आल्या. सरांनी त्यांच्या उजव्या कानावर हेडफोनचा कर्णा बसवला, तो घसरू नये म्हणून डाव्या बाजूला कापूस लावला. मग सुनेला म्हणाले, "आता कोणी बोलायचं नाही. टेप एकदा सुरू झाली की थांबवायची नाही. थांबली तर जिथे आहे तिथेच चिकटेल."

टेप सुरू झाली.

खोलीतल्या बारक्या स्पीकरमधून जो आवाज आला तो माणसाचा वाटत नव्हता. ढोलकीचा ठोका कुठूनतरी वाढत वाढत यायचा आणि टप्पकन कापला जायचा. बाईचा गळा होता, पण ती शब्द आत ओढून घेतेय असं वाटत होतं. सरांचा चेहरा पांढरा पडला. मला कळायला थोडा वेळ लागला. टेप शेवटाकडून लागली होती, आवाज उलटा येत होता.

मी थांबवायला हात पुढे केला. सरांनी माझं मनगट धरलं. यंत्रावर, जिथून टेप सरकत होती तिथे, तपकिरी पीठ साचायला लागलं होतं. थर सुटत होता. थांबवून, उलटवून पुन्हा लावायला आता टेप उरणारच नव्हती. सरांनी कागदाच्या कपट्यावर लिहून मला दाखवलं, 'चालू द्या. संगणकात उलटवू.'

तेही बरोबर होतं. संगणकात उतरलेला आवाज नंतर शेवटापासून सुरुवातीकडे फिरवता येतो. पण त्यासाठी टेप पूर्ण वाजायला हवी होती. सून आमच्याकडे बघून पुटपुटली, "ही काय भुताटकी?" सरांनी हात जोडले, तेव्हा ती गप्प बसली.

हौसाबाईंना काहीच सांगता येत नव्हतं. कानावर कर्णा, आणि टेबल हादरेल म्हणून ओरडायची सोय नाही. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. आधी त्यांच्या कपाळावर आठी पडली. मग त्यांनी कर्णा कानावर दाबून धरला. मग दोन्ही हातांनी दाबला. मी माझ्या आयुष्यात पतसंस्थेची टाळेबंदी पाहिली, रांगेतली माणसं पाहिली. पण त्या खोलीत टेप संपेपर्यंत बसून राहणं मला जास्त जड गेलं. सर आज काट्यांकडे बघत नव्हते. ते हौसाबाईंकडे बघत होते, आणि त्यांचे ओठ हलत होते.

टेपेचं टोक सुटून फडफडलं. यंत्राखाली चमचाभर तपकिरी भुकटी पडली होती आणि चकतीवरची टेप जागोजाग काचेसारखी पारदर्शक झाली होती.

हौसाबाईंनी कर्णा काढून मांडीवर ठेवला. सुनेला म्हणाल्या, "चल. माजे कान गेले गं. आयचं येक अक्षर कळंना."

त्या उठायला लागल्या, तेव्हा सर खुर्चीवरून उठले आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडले. त्यांच्या त्या खोलीत, जिथे शिंकायचीही चोरी होती, तिथे ते कपाटाच्या काचा वाजतील एवढ्या मोठ्याने ओरडले.

"तुमचे कान ठीक आहेत. टेप उलटी लागली. चूक माझी आहे."

"आँ?"

"उलटी. शेवटाकडून. मी लावली. आम्हालाही काही कळलं नाही. बसा."

हौसाबाईंनी सुनेकडे बघितलं. सून म्हणाली, "व्हय आत्याबाई, खरं हाय. मला बी भूत वाटलं." मग तिने तेच पुन्हा ओरडून सांगितलं. हौसाबाई खाली बसल्या. कानाला हात लावून म्हणाल्या, "मग मला वाटलं त्ये न्हाई?"

"नाही," सर ओरडले.

संगणकात आवाज उलटवायला फार वेळ लागत नाही, पण माझ्याकडून दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. सर म्हणाले, "होईल, होईल." मग त्यांनी ऐकू येण्याची पातळी काट्याच्या लाल खुणेपर्यंत नेली, थोडं थांबले आणि खुणेच्याही पुढे नेली. कर्णा हौसाबाईंच्या कानावर बसवला. आम्हा बाकीच्यांसाठी तो बारका स्पीकरही चालू ठेवला.

आधी नुसती खरखर. कोणीतरी ढोलकीची वादी ताणत होतं. माणसांचा गलका, लांब कुठेतरी कुत्रं. शिक्षकाने यंत्र आधीच सुरू करून ठेवलं असावं. मग अगदी जवळून, गाण्यातला नव्हे, घरातला असावा तसा बाईचा आवाज आला.

"हौसे, तिकडं कुटं बसलीस? हिकडं ये, माज्या मागं बस. हौसे."

उत्तर ऐकू आलं नाही. ती पोरगी लांब असावी, किंवा रुसली असावी. टेपेतली बाई थांबली आणि पुन्हा हाक मारली, जराशी वैतागून.

"अगं हौसे."

"ओ," हौसाबाई म्हणाल्या.

त्या खूप मोठ्याने म्हणाल्या. सरांनी त्यांना गप्प केलं नाही. ढोलकीवर थाप पडली आणि गाणं सुरू झालं.